विळ्याची जागा

अंडी उबवायच्या पेट्या बनवणारा हौशीराम कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होता, पण त्याच्या स्वतःच्या बायकोने चार वर्षांत त्याच्या पेटीत एकही अंडं ठेवलं नव्हतं. हे दुःख तो कुणाजवळ बोलत नसे. बोलणार तरी कसा? गिऱ्हाइकासमोर मशीनचे गुण गावेत आणि नेमकी तेव्हाच सरूबाईची अंडी उबवायला आलेली खुडूक कोंबडी कुरकुरत अंगणातून जावी, असं तीनचार वेळा झालं होतं. एकाने तर विचारलंच, वहिनी अजून कोंबडीच बसवतात का म्हणून. हौशीरामने त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

हा उद्योग त्याने पोटासाठी काढला नव्हता. तळेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्याने मोटारी, पंखे आणि पॅनेल दुरुस्त केले. रिटायर होऊन वडिवळ्याला घरी बसला, तेव्हा पहिल्या आठ दिवसांत त्याने घरातल्या चालू वस्तूही खोलून पाहिल्या. मिक्सर झाला, रेडिओ झाला, शेजाऱ्याचा पाण्याचा पंप झाला. माझ्या चुलीला तेवढा हात लावू नका, असं सरूबाईने सांगून टाकलं. मग एक दिवस तो कामशेतच्या भंगारवाल्याकडून मेलेला फ्रिज टेम्पोत घालून घेऊन आला. लोक फ्रिज घेतात गार करायला, याने घेतला गरम करायला. त्याच्या जाड भिंती ऊब धरून ठेवतात, हे त्याने हेरलं होतं. आत बल्ब लावले, हवा फिरवायला कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, तळाशी पाण्याचं ताट, दाराला काच. अंड्यांचे जाळीचे ट्रे असे टांगले की एक बारीक मोटर त्यांना दर दोन तासांनी एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला कलतं करी. कोंबडी चोचीने अंडी फिरवते, तेच काम. आतली ऊब साडेसदतीस अंश राहिली पाहिजे. काटा तिथून जरा हलला की हौशीरामचं जेवणावरचं लक्ष उडे.

पहिल्या खेपेला अंडी शिजली. दुसऱ्या खेपेला सात पिल्लं निघाली आणि गावभर नाव झालं. आता त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कायम दोनतीन फ्रिज उघडे पडलेले असत. पेटी बनवणं सोपं, सांभाळणं अवघड, असं तो प्रत्येकाला बजावी. दर खेपेनंतर पंख्यात अडकलेली पिल्लांची लव काढा, ट्रेच्या बिजागरीला तेलाचा थेंब द्या, पाण्याचं ताट घासा. लोक माना डोलावत आणि काही करत नसत, म्हणून हौशीरामची मोटरसायकल सदा दुरुस्तीला पळत असे.

सरूबाईचं म्हणणं एवढंच होतं, की पेटीला ऊब आहे पण तोंड नाही. शेवटच्या दोन दिवसांत कोंबडी अंड्याशी बोलते आणि पिल्लू आतून ओ देतं, हे तिने किती वेळा ऐकलं होतं. तुमची पेटी काय बोलणार, नुसती घुंई करत्या, असं ती म्हणे. कोंबडीचं ते बोलणं हौशीरामनेही ऐकलं होतं. शिवाय सरूबाईचे स्वतःचे कायदे होते. अंडी बसवताना प्रत्येकावर कोळशाची फुली मारायची, म्हणजे मागून घातलेलं अंडं ओळखू येतं. टोपलीत तूस घालायचं. तुसात लोखंडाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वीज कडाडली तरी अंड्यातला जीव दचकत नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे बसलेल्या कोंबडीला कुणी उठवायचं नाही, तिच्यापाशी मोठ्याने बोलायचं नाही. एकदा हौशीराम टोपलीपाशी फोनवर ओरडून बोलला, तर त्या दिवशी त्याला दुपारचा चहा मिळाला नाही.

हे सारे कायदे सरूबाईला झुंबरबाईने शिकवले होते. झुंबरबाई आंदर मावळातल्या डोंगराकडेच्या वाडीवरची. सरूबाई नवी नवरी म्हणून वडिवळ्याला आली, तेव्हा झुंबरबाई त्यांच्याकडे भाताच्या लावणीला येत असे. शहराजवळच्या तळेगावात वाढलेल्या या पोरीला ना धड चिखलात उभं राहता येई, ना कोंबडी धरता येई. झुंबरबाईने दोन्ही शिकवलं आणि वर कधी बोलून दाखवलं नाही. तीस वर्षं झाली, अजून लावणीला दोघी एकाच बांधावर बसून भाकरी खात. सरूबाई तिला आक्का म्हणे आणि मनापासून म्हणे.

त्या वर्षी दसरा चार दिवसांवर होता आणि भाताच्या लोंब्यांत दाणे भरत होते. मंगळवारी सकाळी झुंबरबाई खिंड उतरून चालत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत तूस आणि तुसात चौदा अंडी. तिने टोपली ओट्यावर ठेवली, पाणी प्याली आणि मग सांगितलं, की वाडीवर कोंबड्यांत मर आली. आठ दिवसांत बावीस कोंबड्या गेल्या. तिच्या कोंबड्या वेगळ्या होत्या. मानेवर पीस नसलेल्या, उघड्या लाल मानेच्या, काटक, घारीलाही न भिणाऱ्या. तिच्या सासूच्या सासूपासून ते बियाणं त्या घरात होतं आणि आसपास दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. आता कोंबडा गेला, कोंबड्या गेल्या, मर येण्याआधी घातलेली ही चौदा अंडी तेवढी राहिली.

"सरू, तुजी कोंबडी खुडूक आसंल तर ह्यांच्यावर बसव," ती म्हणाली. "बी तेवढं ऱ्हाऊ दे."

सरूबाई उठून कोंबड्यांकडे गेली, पण तिला जायच्या आधीच ठाऊक होतं. दसऱ्याच्या सुमाराला कोंबड्या पिसं टाकतात. अंगणात सगळ्या अर्ध्या नागड्या, चिडचिड्या हिंडत होत्या, अंगावर ऊब नाही आणि बसायचं नावही नाही. तिने शेजारीपाजारी फिरून विचारलं. कुणाकडेच खुडूक नव्हती. अंडी ठेवून ठेवून किती ठेवणार? ती परत आली आणि ओट्यावर उभी राहून शेडकडे बघू लागली.

चार वर्षं हौशीराम या क्षणाची वाट बघत होता. पण बायकोचा चेहरा बघून त्याला मुळीच आनंद झाला नाही. त्याने नुसतं सांगितलं, की घरची पेटी रिकामी आहे, आत्ताच धुऊन ठेवलीय.

"तुमी जबाबदारी घेता?" सरूबाईने विचारलं.

"पेटीची घेतो."

"मग आक्काला मी शब्द देते," ती म्हणाली.

अंडी ट्रेत मांडताना झुंबरबाईने चुलीतून कोळसा आणून प्रत्येकावर फुली मारली. हौशीरामने ते चालवून घेतलं. मग तिने आत ठेवायला लोखंड मागितलं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आक्का, ही आख्खी पेटीच लोखंडाची हाय. वीज हितं यायला भिईल." शिवाय आतले ट्रे फिरतात, आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही आणि दार उगाच उघडायचं नाही, हे त्याने दोघींना दोनदा सांगितलं. झुंबरबाईने मान हलवली. तीन आठवड्यांनी मंगळवारीच येते, असं सांगून ती रिकामी टोपली घेऊन खिंडीकडे निघाली.

सातव्या दिवशी हौशीरामने अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरून पाहिलं. सरूबाई शेजारी उभी होती. अकरा अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. तीन अंडी कोरी निघाली. सरूबाईने ते जाळं पहिल्यांदाच पाहिलं. कोंबडीखालची अंडी असं कुणी बघत नाही. तिने त्याच्या हातातून बॅटरी घेतली आणि अकराही अंडी पुन्हा एकदा स्वतः पाहिली. त्या दिवशी हौशीरामला भाकरी गोड लागली.

त्यानंतर ती दिवसातून चारदा काचेतून आत डोकावू लागली. काटा किती आहे, ट्रे कुठल्या अंगाला कललाय, ताटात पाणी आहे का, सगळं तिला कळू लागलं. एकदा तर त्याच्याआधी तिनेच सांगितलं, की पंख्याचा आवाज बदललाय. खरंच बदलला होता. हौशीरामला वाटलं, कारखान्यात हिच्यासारखी मदतनीस असती तर एकही मशीन बंद पडलं नसतं.

पंधराव्या दिवशी, बुधवारी, त्याला लोणावळ्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका बंगल्याच्या मागे प्रज्ञेश नावाचा तरुण व्यवस्थापक मालकाच्या हौसेसाठी टर्की पाळत असे आणि त्याची पेटी गरम होत नव्हती. हौशीराम सकाळी गेला. पेटीत फारसं काही झालं नव्हतं, पंख्याच्या पात्यांत बोटभर लव साचली होती आणि प्रज्ञेशने ती साफ करायचं कबूल करून दोन महिने झाले होते. हौशीराम त्याला चार गोष्टी सुनावून दुपारी निघाला, तर कार्ल्याच्या फाट्यावर पावसाने गाठलं. परतीचा पाऊस होता, मागे लागला की सोडत नाही. विजा अशा पडत होत्या की टपरीखाली उभी राहिलेली माणसं बोलायची थांबली. घरी वीज गेलीच असणार, पण इन्व्हर्टर होता, बॅटरी भरलेली होती. फोन भिजू नये म्हणून त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकला होता. चार तास तो टपरीखाली चहा पीत उभा राहिला आणि त्याला कसलीच काळजी नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. गोठ्यात म्हैस धार काढायची राहिली म्हणून ओरडत होती. चूल पेटलेली नव्हती. शेडमधल्या पेटीची काच अंधारी होती. घुंई आवाज नव्हता.  हौशीरामने दार उघडलं, तर ट्रे रिकामे.

सरूबाई आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. भिंतीला पाठ लावून, मांड्या जुळवून, अंगाभोवती दोन गोधड्या गुंडाळून. तो दारात दिसला तरी ती हलली नाही.

"हात लावू नका," ती हळूच म्हणाली. "ऊब हाय अजून."

वीज कडाडायची थांबल्यावर ती पेटी बघायला गेली, तेव्हा आतला दिवा विझलेला आणि पंखा गप्प होता. काटा तिशीच्या खाली आला होता. नऊ वेळा तिने त्याला फोन लावला. मग तिने एकेक अंडं काढून डोळ्याच्या पापणीला लावून पाहिलं. पापणी खोटं सांगत नाही, हेही झुंबरबाईनेच शिकवलेलं. अंडी अजून पुरती गार पडली नव्हती. तिने ती लुगड्याच्या ओच्यात घेतली, पोटाशी बांधली, वरून गोधड्या घेतल्या आणि बसली. चार तास झाले होते. पाणी नाही, चहा नाही, कूस बदलणं नाही. मधूनमधून हात आत घालून अंडी या अंगाची त्या अंगावर करायची तेवढी. पाय कधीचे बधिर झाले होते, पण ते तिने सांगितलं नाही, त्याला दिसलं.

हौशीराम ओल्या कपड्यांनी शेडमध्ये पळाला. कारण शोधायला वेळ लागला नाही. फ्यूज जळला होता. ही त्याची पहिली पेटी. ट्रेची मोटर, पंखा आणि बल्ब एकाच फ्यूजवर टाकलेले. गिऱ्हाइकांना तो नेहमी दोन वेगळे फ्यूज लावून देई, पण घरच्या पेटीला काय होतंय, असं म्हणून चार वर्षं त्याने ते काम पुढे ढकललं होतं. त्याने स्वतःला मनातल्या मनात एक शिवी घातली. आणि मग प्रश्न उरला, फ्यूज जळला कशाने? त्याने वाकून ट्रेच्या खाली बॅटरी मारली. ट्रे आणि मागची भिंत यांच्यात काहीतरी अडकलं होतं. बाहेर काढलं तर विळा.

सरूबाईचा विळा. माहेरून आणलेला, मुठीला तांबडी चिंधी गुंडाळलेला. ती चिंधी ओळखायला बॅटरीची गरज नव्हती. वीज कडाडायला लागल्यावर तिने तो पाण्याच्या ताटाशेजारी ठेवला असणार. ट्रे फिरायची वेळ झाली, खाली आला, मुठीवर अडकला, मोटर जोर लावत राहिली आणि फ्यूज गेला. सगळं त्याला एका नजरेत कळलं. दोनदा सांगितलं होतं, आत काही ठेवू नका म्हणून. त्याला असा राग आला की तो विळा हातात घेऊन तसाच घराकडे निघाला.

दारापर्यंत गेला आणि थांबला. आत सरूबाई तशीच बसली होती, डोळे मिटून, दोन्ही हात गोधडीच्या आत. म्हैस ओरडत होती, ती तिला ऐकूही येत नव्हती. हौशीराम मागे फिरला. विळा त्याने शेडच्या माळ्यावर, जुन्या वायरींच्या गुंडाळीमागे ठेवून दिला.

पेटी पुन्हा साडेसदतीसवर यायला पाऊण तास लागला. अंडी सरूबाईनेच परत मांडली, एकेक पापणीला लावून. मग तिने विचारलं, काय झालं होतं.

"फ्यूज गेलता," तो म्हणाला. "माझी चूक. दोन लावायला पायजे व्हते."

यात खोटं काहीच नव्हतं. तिने मान हलवली आणि मग तिची नजर हळूच ट्रेच्या खाली गेली. तिथे नुसतं पाण्याचं ताट होतं. ती म्हशीची धार काढायला गेली. 

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले असते, जर त्यात अकरा जिवांची धाकधूक नसती. सरूबाई विळा शोधत होती आणि शोधते आहे हे दाखवत नव्हती. कारण विळा कुठे ठेवला होता हे सांगितल्याशिवाय तो हरवला असं म्हणता येत नव्हतं. एकदा ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, की विळा दिसत नाही कुठं. असेल इथंच कुठंतरी, असं म्हणून हौशीरामने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. म्हशीच्या गवताला ती शेजारणीचा विळा मागून आणू लागली. एवढ्या वर्षांच्या भांडणात जिंकायची वेळ त्याच्या हातात आली होती, पण त्याला जिंकायचं होतं ते असं नव्हतं.

तो मंगळवार उजाडला. झुंबरबाई दहा वाजता हजर झाली, रिकाम्या टोपलीत नवं तूस घालून. तिघंही पेटीपुढे बसली. अठराव्या दिवसापासून ट्रे बंद केले होते, अंडी आडवी ठेवली होती आणि दार उघडायचं नव्हतं. काचेतून अकरा अंडी दिसत होती. बारा वाजले, दोन वाजले. एकाही कवचाला तडा नव्हता. पेटीतली पिल्लं सहसा वेळेआधीच कवच टोचतात, वेळेनंतर नाही, हे हौशीरामला माहीत होतं आणि म्हणून त्याला तिथे बसवत नव्हतं. त्याने उगाच पाना घेऊन दुसऱ्या एका फ्रिजचा स्क्रू घट्ट केला.

 झुंबरबाई नुसती काचेकडे बघत होती आणि टोपलीतलं तूस हाताने सारखं करत होती. ते बघून सरूबाईला राहवलं नाही.

"आक्का, मी घात केला," ती म्हणाली. "विजा पडत व्हत्या, म्हणून मी आत विळा ठिवला. त्यानं मशीन बंद पडलं. ह्येनी दोनदा सांगितलं व्हतं. अंडी गार झाली माझ्यामुळं."

हौशीरामने पाना खाली ठेवला. फ्यूज माझा होता, तो म्हणाला, दोन असते तर ऊब गेली नसती.

सरूबाई त्याच्याकडे वळली. "विळा तुमाला घावला व्हता ना? कवा?"

"त्याच दिशी."

"मग बोलला का न्हाई?"

 हौशीरामने जे खरं होतं तेच सांगितलं. "तू अंड्यावर बसली व्हतीस. बसलेलीला बोलायचं नसतं, तूच म्हणतीस."

सरूबाईने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. झुंबरबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या घरचं बियाणं त्या पेटीत होतं, रागवायचा हक्क कुणाला असलाच तर तिला होता. पण ती म्हणाली, "लोखंड ठिवायला तुला शिकिवलं कुणी? मीच ना. मग घात कुनाचा झाला?" आणि ती उठून पेटीजवळ गेली. "सरू, ह्यांच्याशी कुणी बोललं का?"

कुणीच बोललं नव्हतं. अकरा अंडी तीन आठवडे पंख्याची घुंई ऐकत पडली होती.

दार उघडायचं नव्हतं. पण पेटीच्या माथ्यावर हवेसाठी एक भोक होतं, त्याला डबीचं झाकण. हौशीरामने स्टूल आणून ठेवलं, झाकण काढलं आणि मग चार वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने पंख्याचं बटण बंद केलं. एक मिनिट, तो म्हणाला, जास्त नाही.

शेड एकदम शांत झाली. सरूबाई स्टुलावर चढली आणि भोकाला तोंड लावून खुडूक कोंबडीसारखी बोलू लागली. कुक, कुक, कुक, हळू आणि खालच्या आवाजात. पन्नाशी ओलांडलेली बाई फ्रिजच्या डोक्यावर वाकून कोंबडीची बोली बोलते आहे, हे बघून एरवी हौशीराम पोट धरून हसला असता. आज तो तिचं स्टूल धरून उभा होता. ती थांबली. काही नाही. ती पुन्हा बोलली. मग आतून, फार लांबून आल्यासारखं, चिव.

झुंबरबाईने हौशीरामचा दंड धरला. सरूबाई बोलत राहिली. दुसऱ्या बाजूने दुसरं चिव आलं, मग तिसरं. मिनिटाची दोन मिनिटं झाली, तेव्हा हौशीरामने पंखा लावला. कवचाच्या आतली पिल्लं जिवंत होती, नुसती एका दिवसाने मागे पडली होती, आणि त्यात नवल नव्हतं. चार तास त्यांना पेटीऐवजी माणसाची ऊब मिळाली होती आणि माणूस साडेसदतीसला जरा कमी पडतो.

झुंबरबाई त्या दिवशी मुक्कामाला राहिली. बुधवारी सकाळी चहाच्या वेळेपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली होती. दोन अंडी उघडलीच नाहीत. हौशीरामने दार उघडून सगळ्यांत आधीचं, सुकलेलं पिल्लू झुंबरबाईच्या हातावर ठेवलं. तिने आधी त्याची मान पाहिली. उघडी, लाल, एक पीस नाही. मग तिने दुसऱ्याची पाहिली, तिसऱ्याची पाहिली. एका पिल्लाच्या मानेवर लव होती, ते जरा चुकलंच होतं, पण आठ अगदी तिच्या घरची होती. ती ओट्यावर बसली आणि पोटभर रडली. सरूबाईही तिच्याबरोबर रडली. हौशीराम म्हणाला, मला पेटी धुवायचीय, आणि शेडमध्ये गेला.

पिल्लं महिनाभर सरूबाईनेच सांभाळली आणि दिवाळीनंतर ती खिंड ओलांडून वाडीवर गेली. त्यात दोन नर निघाले, म्हणजे बियाण्याची काळजी मिटली.

भाताची कापणी आटोपल्यावर हौशीरामने घरची पेटी पुरती खोलली. मोटरला वेगळा फ्यूज आणि बल्ब-पंख्याला वेगळा फ्यूज लावला. मग दाराच्या आतल्या बाजूला, ट्रेपासून चांगला वीतभर लांब, पत्र्याचा एक आकडा ठोकला. माळ्यावरचा विळा काढून, पुसून, त्यात अडकवला. दार दहा वेळा उघडून मिटून पाहिलं, ट्रे दोन्ही अंगाला फिरवून पाहिले. विळा कुठेही लागत नव्हता. त्याने सरूबाईला हाक मारली.

ती आली. आकड्याकडे बघत राहिली, तांबडी चिंधी बोटाने चाचपली. मग ती निघून गेली, तेव्हा हौशीरामला वाटलं, आपलं काही चुकलं. थोड्या वेळाने ती परत आली. पदरात बारा अंडी होती, तिच्या स्वतःच्या कोंबड्यांची, प्रत्येकावर कोळशाची फुली.

"फ्यूज दोन केलं ना?" तिने विचारलं.

"केलं."

"मग लावा."

आता त्याच्या प्रत्येक नव्या पेटीच्या दाराला आतून तसा आकडा असतो. मागच्या महिन्यात प्रज्ञेश मोठी पेटी न्यायला आला, तेव्हा त्याने विचारलं, की काका, हे हुक कशाला दिलंय? हौशीराम सांगू लागला, तर मागून सरूबाई म्हणाली, "विळ्याची जागा हाय ती. आन शेवटच्या दोन दिसांत वरचं झाकण काढून पिल्लांशी बोलायचं. काय बोलायचं ते मी शिकिवते, बसा हितं."

प्रज्ञेशने हौशीरामकडे पाहिलं. हौशीरामने त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.